साध्या चिमट्यासाठी तीन दरपत्रकं

वस्तूतून काहीतरी काढून घेतलं की तिची किंमत वाढते, हा व्यापाराचा सर्वांत जुना नियम असून तो कोणत्याही शाळेत शिकवला जात नाही. साखर घातलेली बिस्किटं स्वस्त, बिनसाखरेची महाग. बाह्यांचा सदरा कुठेही मिळतो, बिनबाह्यांच्या सदऱ्यासाठी काचेचं दार असलेल्या दुकानात जावं लागतं. घरात सामान खच्चून भरलेलं असेल तर ती अडगळ, आणि तेच घर रिकामं दिसावं असं वाटलं तर सजावटकाराला घसघशीत फी मोजावी लागते. आमच्या कार्यालयातही ज्यांच्या टेबलावर काहीच नसतं त्यांचा पगार सर्वांत जास्त आहे. (ही तक्रार समजू नये. माझ्याही टेबलावर फार नसतं.)

मी एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागात वरिष्ठ लिपिक आहे. बावीस वर्षांत मी टाचण्यांपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं खरेदी केलं आहे, आणि त्यातली एकही वस्तू तीन दरपत्रकं आल्याशिवाय घेतलेली नाही. तीन दुकानदारांनी आपापल्या छापील कागदावर दर लिहून द्यायचे, त्या तिघांचा तुलनात्मक तक्ता करायचा, सर्वांत कमी दरापुढे बरोबरची खूण करायची आणि तक्ता वर पाठवायचा. दोनच आली तर खरेदी होत नाही. चार आली तर चौथं परत करावं लागतं. या पद्धतीमुळे कार्यालयाचे नेमके किती पैसे वाचले हे सांगणं अवघड आहे, पण पुष्कळ वस्तू शेवटपर्यंत विकतच घेता आल्या नाहीत, म्हणजे वाचले असणारच.

हे झालं प्रास्ताविक. मूळ विषय सायकलीच्या चिमट्याचा आहे.

सायकलीचं पुढचं चाक ज्या दोन पायांच्या मध्ये धरलेलं असतं आणि ज्याची नळी वर जाऊन हँडलला मिळते, त्या भागाला चिमटा म्हणतात. चिमटे दोन जातींचे. एक शॉकअपचा. त्याच्या पायांत स्प्रिंगा असतात आणि खड्ड्यातून जाताना तो खालीवर होतो. दुसरा साधा. त्यात काहीही नसतं आणि खड्ड्यातून जाताना आपण खालीवर होतो. आमच्या घरच्या सायकलीला शॉकअपचा चिमटा होता. एके दिवशी सकाळी त्याचा डावा पाय खाली जाऊन बसला तो वर आलाच नाही. उजवा मात्र आपल्या जागी राहिला. सायकल उभी केली की कोणीतरी तिच्या कानात काहीतरी सांगतंय आणि ती वाकून ऐकतेय, असं दिसायचं.

सायकल माझ्या मुलीची. वय बावीस. शिक्षणात ती मधली होती, म्हणजे मास्तरांना तिचं नाव आठवायला वेळ लागायचा. पण लहानपणापासून पीठ हातात आलं की तिला त्यातलं काहीतरी कळायचं, जे मला आणि तिच्या आईला कधी कळलं नाही. शहराच्या पलीकडच्या टोकाला एक जुनी, नावाजलेली बेकरी आहे. तिथे तिला सहा महिन्यांच्या उमेदवारीवर घेतलं होतं. उमेदवारी नीट पार पडली तर भट्टीवर कायमची जागा. त्या जागेसाठी तिथे लोक चार चार वर्षं नंबर लावून असतात. तिला उमेदवारी मिळाल्याचं पत्र आलं त्या दिवशी ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडली, आणि हिला काय झालं म्हणून मी वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं. (मी वर्तमानपत्र सहसा खाली ठेवत नाही.)

बेकरीचा नियम एकच होता. काम पहाटे सहाला सुरू. उमेदवारीत चार वेळा उशीर झाला की उमेदवारी संपली. अंतर सहा किलोमीटर. पहिली बस सव्वासहाची. सायकलने पंचवीस मिनिटं, पायी सव्वा तास. तेव्हा त्या चिमट्यावर काय अवलंबून होतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर आकडेवारीसकट ठाऊक होतं.

कोपऱ्यावरच्या सायकल मिस्त्रींनी चिमटा हलवून पाहिला, दोनदा दाबला आणि हात पुसले. "साहेब, हा गेला. याच्यात आता जीव नाही. पुन्हा शॉकअपचा टाकू नका, दोन वर्षांत परत हेच. साधा टाका, जन्मभर बघायला नको."

"बाबा, मग?" मुलीने विचारलं.

"मी बघतो," मी म्हणालो.

हे वाक्य मी कार्यालयात रोज सरासरी अकरा वेळा म्हणतो. त्यातून आजवर कोणाचं नुकसान झालेलं नाही, कारण कोणाचं काहीच झालेलं नाही. मुलीला मात्र ही पार्श्वभूमी माहीत नव्हती. ती "बरं" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून पावणेपाचला उठण्याऐवजी चारला उठून चालत जाऊ लागली. फक्त चिमटा येईपर्यंत.

मी त्याच संध्याकाळी नस्ती उघडली. मागणीपत्र लिहिलं: 'सायकलीकरिता चिमटा, साधा, नग एक.' उंची, रंग, वजन असे रकाने भरले. 'नळीची जाडी' असाही एक रकाना आमच्या नमुन्यात असतो, तो मूळचा पाण्याच्या पाइपांसाठी. तिथे मी 'लागू नाही' लिहिलं. कुटुंबप्रमुख म्हणून स्वतःच मंजुरी दिली आणि पोच म्हणून बायकोची सही घेतली. तिने सही केली, कारण तिच्या एका हातात दुधाचं पातेलं होतं आणि तिला मी समोरून हटायला हवा होतो.

पहिल्या दरपत्रकासाठी मी शहरातल्या सर्वांत मोठ्या सायकलच्या दुकानात गेलो. काचेचं दार होतं, तेव्हाच मला कल्पना यायला हवी होती. विक्रेता तरुण, नम्र, गळ्यात ओळखपत्र. त्याने आधी शॉकअपचा चिमटा दाखवला. दर: नव्या सायकलीच्या किमतीच्या अठरा टक्के. मग साधा दाखवला. दर: बासष्ट टक्के.

"तुम्ही उलट सांगितलंत," मी म्हणालो.

"नाही सर, बरोबर सांगितलं."

"याच्यात स्प्रिंग आहे?"

"नाही सर."

"तेल?"

"नाही."

"हलणारं काही?"

"काहीच नाही सर. म्हणून तर."

"मग पैसे कसले?"

त्याने चिमटा माझ्या हातात दिला. "वजन बघा ना सर. हातात काही आहे असं वाटतच नाही."

ते मात्र खरं होतं. बासष्ट टक्के देऊन हातात काही असल्यासारखं वाटत नव्हतं. मी त्याच्याकडून दरपत्रक लिहून घेतलं, आणि त्याने ते जाड, पिवळसर, काहीही न छापल्यासारख्या दिसणाऱ्या कागदावर दिलं. तो कागदही महागच असणार.

इथे एक खुलासा करणं माझं कर्तव्य आहे. पैसे नव्हते अशातला भाग नाही. पैसे होते. कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यात, चादरींच्या खाली, बासष्ट टक्के भरतील आणि वर फिटिंगचे सुटतील एवढे पैसे होते.

"अहो, मग घेऊन टाका ना," बायको म्हणाली. "पोरगी चालत जातेय."

"पैशाचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे. ज्या वस्तूत काही नाही तिला एवढे पैसे द्यायचे, तर उद्या लोक नुसती हवा विकतील."

"मग शॉकअपचा घ्या. तो स्वस्त आहे म्हणालात."

"मागणीपत्रात 'साधा' लिहून झालंय."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत माझ्या साहेबांनीही माझ्याकडे असं पाहिलेलं नाही. पण मागणीपत्रावर सही तिचीही होती, त्यामुळे ती फार बोलू शकली नाही.

दुसरं दरपत्रक संगणकावरून मिळालं. परदेशातल्या एका दुकानात साधा चिमटा अवघ्या चोवीस टक्क्यांत होता. मला इतका आनंद झाला की मी उठून पाणी प्यायलो. परत येऊन पाहिलं तर पोचवण्याचा खर्च बावन्न टक्के. म्हणजे चिमट्यापेक्षा चिमट्याचा प्रवास महाग. (मुलगी रोज पहाटे सहा किलोमीटर फुकट चालत होती, त्यामुळे ही तफावत माझ्या विशेष नजरेत भरली.) तरी दर तो दर. छापून घेतला, नस्तीत लावला.

राहिलं तिसरं. आणि घोडं तिथेच अडलं.

पुढच्या दहा आठवड्यांत मी एकोणीस सायकल दुकानं, सात भंगारवाले आणि वेल्डिंगचे तीन कारखाने पालथे घातले. निष्पन्न पुढीलप्रमाणे. अकरा जणांनी 'नाही' सांगितलं. आठ जणांनी शॉकअपचा घ्या म्हणून आग्रह केला. चौघांनी 'आहे' म्हणून आत जाऊन दुसरंच काहीतरी आणलं. दोघांनी मला घंटा विकल्या. एका भंगारवाल्याने आपल्या जावयाचं गाऱ्हाणं सांगितलं, ते ऐकून घेतलं. एका वेल्डरने मी मोजमापं सांगत असताना मध्येच विचारलं, "तुमचं वय काय?" बाकीचे तेव्हा जेवायला गेले होते. दर लेखी द्यायला एकही तयार झाला नाही.

खरं सांगायचं तर हे दिवस माझे फार चांगले गेले. कार्यालयात मी जी खरेदी करतो ती वस्तू मी कधी पाहत नाही. इथे मी धातूंवर बोटं फिरवत होतो. पोलाद आणि मिश्रधातू यांतला फरक मला नुसत्या आवाजावरून कळू लागला. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक सायकलीचा चिमटा मी आधी पाहायचो, मग माणूस. सायकलस्वारांच्या एका मंडळात माझं नाव झालं. तिथले लोक मला 'चिमटेकाका' म्हणू लागले. मला आवडलं ते. इतक्या वर्षांत कोणी मला कोणत्याही विषयातला जाणकार म्हटलेलं नव्हतं.

मुलगी दुपारी घरी यायची, बुटांसकट पलंगावर बसायची आणि विचारायची, "काही कळलं का बाबा?"

"दोन दरपत्रकं आली."

"अरे वा," ती म्हणायची. ती मनापासून म्हणायची, हे मुद्दाम नोंदवतो. टाचांना पट्ट्या लावता लावता ती मला बेकरीतलं सांगायची. आज तिला पहिल्यांदा भट्टीचं दार उघडू दिलं. आज मालकीणबाईंनी तिचा पाव फोडून बघितला आणि काही न बोलता पुढे गेल्या, याचा अर्थ चांगला झाला होता. मालकीणबाई तिला एकदा म्हणाल्या होत्या, अगं, एखादी जुनी सायकल घे ना, मी पगारातून उचल देते. त्यावर माझी मुलगी त्यांना म्हणाली, "नको, बाबा बघतायत."

पहिला उशीर दुसऱ्याच आठवड्यात झाला होता. तीन मिनिटांचा. दुसरा त्यानंतर महिन्याने, पुलाची दुरुस्ती निघाली तेव्हा. मी दोन्ही नोंदी नस्तीत घेतल्या, कारण निकड सिद्ध करायला अशा नोंदी उपयोगी पडतात.

मधे एक किरकोळ घटना घडली, तीही प्रामाणिकपणे सांगतो. तिसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी मला हाक मारली. त्यांच्याकडे मागे एक साधा चिमटा निघाला होता. जुना, पण सरळ. त्यांनी तो आमच्या सायकलीला लावूनही पाहिला. चपखल बसला. "चहापाण्याचं द्या काय ते," मिस्त्री म्हणाले. "पोरगी पायी जाताना दिसते हो रोज. मी शटर उघडायच्या आधी जाते, घरून बघतो मी."

मला तिसरा दर मिळाला होता. मी तिथल्या तिथे म्हणालो, "मिस्त्री, एवढंच लिहून द्या. तुमच्या छापील कागदावर."

"छापील कागद कुठला साहेब?"

ही अडचण खरी होती. मिस्त्रींच्या दुकानाला नाव नव्हतं. पाटीच नव्हती. कोऱ्या कागदावरचा दर ग्राह्य धरता येत नाही. तसा धरला तर उद्या कोणीही काहीही लिहून देईल. मी मिस्त्रींना धीर दिला आणि त्यांच्यासाठी छापील कागद करून घ्यायचं स्वतःच्या अंगावर घेतलं. दुकानाला नाव ठरवण्यात चार दिवस गेले. छापखान्याने मुद्रितशोधनाला पाठवलं, त्यात मी वेलबुट्टी डावीकडून उजवीकडे घ्यायला सांगितली. अठरा दिवसांनी शंभर कागदांचा गठ्ठा काखेत मारून मी मिस्त्रींकडे गेलो, तेव्हा तो चिमटा एका दूधवाल्याच्या सायकलीला लागून गेला होता.

"तुम्ही आलाच नाहीत," मिस्त्री म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. कागद मात्र त्यांनी ठेवून घेतले. छर्रे बांधायला बरे पडतात म्हणाले. छपाईचा खर्च चिमट्याच्या साडेतीनपट आला, तो मी प्रशासकीय खर्चात टाकला.

तिसरा उशीर चौथ्या महिन्याच्या अखेरीस झाला. त्या दिवशी मुलगी घरी आली ती काही न विचारता झोपली. संध्याकाळी उठल्यावर म्हणाली, "बाबा, आता एकच राहिलाय."

"तिसरं दरपत्रकही एकच राहिलंय," मी म्हणालो. मला वाटलं तिला धीर येईल.

आणि पाचव्या महिन्यात, एका शनिवारी, वाण्याच्या दुकानाबाहेरच्या फळ्यावर मला चिठ्ठी दिसली: 'जुनी सायकल विकणे आहे. चालू स्थितीत.' खाली फोटो होता. फोटोत सर्वांत आधी मला काय दिसलं हे सांगायला नको. साधा, काळा, सरळ चिमटा.

सायकल एका निवृत्त शिक्षिकेची होती. गुडघे बोलायला लागल्यामुळे काढून टाकत होत्या. त्यांनी किंमत सांगितली आणि मी मनातल्या मनात भागाकार केला. तेवीस टक्के. दोन चाकं, साखळी, गादी, ब्रेक, दिवा आणि मागे टोपली यांसह तेवीस टक्के. आणि दुकानात नुसता चिमटा बासष्ट टक्के! मी त्यांना वहीच्या डोक्यावर नाव, पत्ता लिहून त्याखाली दर लिहून द्यायला सांगितलं. शिक्षिकाबाईंनी कुठलीही शंका न काढता, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. (ज्याचं दुकानच नाही त्या विक्रेत्याला छापील कागदाची अट लागू नाही.) तिसरं दरपत्रक आलं. तक्ता पूर्ण झाला. तेवीस टक्क्यांपुढची खूण मी दोनदा गिरवली.

येताना मी ती सायकल चालवतच आणली. पाच किलोमीटर. वाटेत शीळही वाजवली. चिमट्याची चाचणी त्यातच झाली, वेगळा खर्च पडला नाही.

मुलगी दारात आली. घंटी वाजवून पाहिली, ब्रेक दाबून पाहिले, गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारून आली. कित्येक दिवसांनी तिचे पाय जमिनीवर नव्हते.

"बाबा, सोमवारी हीच घेऊन जाऊ?"

"अगं, ही चालवायला नाहीये. ही चिमट्यासाठी आणलीय."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय.

"मंजुरी चिमट्याची आहे," मी समजावून सांगितलं. "सायकलीची नाही. उद्या मिस्त्री यातला चिमटा काढून आपल्या सायकलीला लावतील. आपली सायकल नवी आहे, तिला गिअर आहेत. एकदा लागला की जन्मभर बघायला नको."

"बरं," ती म्हणाली. सायकल तिने भिंतीला टेकवून ठेवली. रंग खरवडला जाऊ नये म्हणून पॅडल आतल्या बाजूला वळवलं.

मिस्त्री रविवारी दुपारपर्यंत दुकान उघडं ठेवतात. मी दोन्ही सायकली नेल्या. त्यांनी शिक्षिकाबाईंची सायकल उचलून पुढचं चाक फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं.

"साहेब, ही चालते."

"हो. चांगली चालते."

"मग?"

"चिमटा काढा."

मिस्त्रींनी पाना हातात घेतला आणि खाली ठेवला. "पोरीला हीच द्या की."

"मिस्त्री, मला सायकल घ्यायची नव्हती. चिमटा घ्यायचा होता."

त्यांनी आणखी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तक्ता दाखवला. छापील कागदाचं महत्त्व त्यांना मी आधीच पटवलेलं असल्यामुळे ते पुढे काही बोलले नाहीत. चिमटा वर्षानुवर्षांच्या गंजाने आत धरला होता. त्यांनी तेल सोडलं, मग तापवला, मग हातोडी घेतली. सातव्या की आठव्या घावाला सांगाड्याची मान तडकली आणि चिमटा मोकळा होऊन बाहेर आला. सरळ, काळा, एक ओरखडा नाही. मी तो दोन्ही हातांत धरला. पाच महिन्यांचं चीज झालं असं मला वाटलं.

मिस्त्रींनी तो आमच्या सायकलीच्या मानेत घातला. तो आत जाऊन डुगडुगायला लागला. नळी बारीक होती आणि वर दोन बोटं कमी पडत होती. त्या काळच्या काही सायकलींच्या नळ्या बारीक असत, आणि आधी मोजली असती तर हे तेव्हाच कळलं असतं. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. तो रकाना 'लागू नाही' होता.

अशा रीतीने आमच्याकडे दोन सायकली झाल्या. त्यातली एक चालत नव्हती आणि दुसरी आता चालत नव्हती.

सोमवारी मुलगी चारला उठून चालत निघाली. टाचेची जखम आदल्या आठवड्यापासून चिघळली होती. ती सहा वाजून अकरा मिनिटांनी पोचली. मालकीणबाई वाईट नव्हत्या. त्यांनी तिला बसवलं, चहा दिला, तिच्याच हातच्या पावाचा तुकडा दिला आणि सांगितलं की नियम सगळ्यांना एकच आहे, बाहेर चाळीस जण नंबर लावून आहेत, एकीला सोडलं तर उद्या प्रत्येकाला सोडावं लागेल. मला हे ऐकून त्या बाईंविषयी आदर वाटला. नियम कसा पाळायचा हे फार थोड्या लोकांना कळतं.

मग घरी येऊन मुलीने मोजे काढले. उजवा मोजा टाचेला चिकटला होता, तो तिच्या आईने कोमट पाण्याने सोडवला. मुलगी रडली नाही. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "बाबा, चिमटा बसला का?"

मला लाज वाटली. हे अहवालाच्या कोणत्या रकान्यात लिहायचं ते कळेना, म्हणून इथे लिहितो. अशी लाज मला पूर्वी कधी वाटलेली नव्हती आणि तिचं काय करायचं याची पद्धत मला ठाऊक नाही.

बायको उठली. कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यातले पैसे घेतले, पायात चपला घातल्या आणि काचेच्या दाराच्या दुकानात गेली. जाणं, घेणं, येणं आणि मिस्त्रींकडून बसवून घेणं धरून तिला दोन तास दहा मिनिटं लागली. तिने दरपत्रक मागितलं नाही. पावतीसुद्धा तिथेच टाकून आली. मी नंतर फोन करून दर विचारला, तेव्हा कळलं की नेमकी त्याच आठवड्यात दहा टक्के सूट लागू झाली होती. म्हणजे पाच महिने थांबल्याने दहा टक्क्यांची निव्वळ बचत झाली. ही नोंद नस्तीत लाल शाईने केली असून नस्ती बंद केली आहे.

नंतर सायकलस्वारांच्या मंडळाच्या आग्रहावरून मी सगळ्या शोधाचा चौदा पानी अहवाल लिहिला. त्यात काही लपवलं नाही. शिक्षिकाबाईंची सायकल, मिस्त्रींचे कागद, बेकरी, टाच, सगळं क्रमवार लिहिलं. अहवालाच्या प्रती हातोहात गेल्या. आजतागायत एकशे बारा जणांनी फोन केले, आणि माझ्या चिकाटीचं कौतुक करून झाल्यावर एकशे बारा जणांनी एकच गोष्ट विचारली: सूट वजा जाता नक्की आकडा किती, आणि दुकान कुठलं? दुसरं काही विचारणारा फोन अजून यायचा आहे.

तुम्हीही टक्केवारीवरून मघापासून मनात हिशेब करताय, हे मला कळतंय. मी आकडा मुद्दामच कुठे दिलेला नाही. तो हवा असेल तर कोणत्याही दिवशी घरी या. मी कार्यालयातून आलेलो नसलो तरी अडचण येणार नाही. दार मुलगी उघडेल, ती हल्ली घरीच असते. कितीला पडला ते तिलाच विचारा.